पेन्सिलीसकट

इल्माने तिसऱ्यांदा तोच फोल्डर उघडला आणि तिसऱ्यांदाही तो रिकामाच निघाला. तिने लॅपटॉप बंद केला, पुन्हा सुरू केला आणि वेड्या आशेने चौथ्यांदा उघडून पाहिला. खालापूरच्या तहसील कचेरीसमोर तिच्या अब्बांचं, झहीरभाईंचं, इलेक्ट्रिकचं दुकान होतं. दुकानावरच्या माळ्यावर इल्माचं वेबसाइट्स बनवायचं ऑफिस होतं. खाली अब्बा एका जुन्या पंख्याचं वाइंडिंग करत बसले होते.

"मिळालं का गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाय, अब्बा. काहीच नाय."

साइट्स जिच्या सर्व्हरवर होत्या त्या होस्टिंग कंपनीचं उत्तर तीन दिवसांपूर्वीच आलं होतं. सर्व्हरची डिस्क खराब झाली, ती बदलून दिली आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आतल्या मजकुराचं काय, असं इल्माने विचारल्यावर पलीकडच्या मुलाने नम्रपणे लिहिलं होतं, 'मॅडम, तुमच्या प्लॅनमध्ये बॅकअप धरलेला नाही. ती जबाबदारी ग्राहकाची असते.' यात त्याची काही चूक नव्हती. नियमांच्या पानावर ते पहिल्यापासून लिहिलेलं होतं आणि इल्माने ते वाचलंही होतं. म्हणून तर तिला कुणावर चिडताही येईना.

आधी तिची सगळी गिऱ्हाइकं शेअर्ड प्लॅनवर होती. एका मोठ्या सर्व्हरवर शेकडो वेबसाइट्स, आणि रोज रात्री कंपनीच सगळ्यांची प्रत काढून दुसरीकडे ठेवायची. कुणाचं काही बिघडलं की एक बटण दाबायचं, कालचं सगळं जागेवर. या बटणाने इल्मा लाडावली होती. पुढे साइट्स वाढल्या, हळू चालू लागल्या, तेव्हा तिने स्वतःचा वेगळा सर्व्हर घेतला आणि अकराच्या अकरा साइट्स तिकडे हलवल्या. तिथे असं बटण नव्हतं. रोज प्रत निघेल अशी सोय तिने स्वतः केली, पण ती प्रत ठेवली त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावावं तसा हा प्रकार होता. 'पुढच्या आठवड्यात दुसरीकडे हलवू' म्हणता म्हणता चौदा महिने गेले होते.

दहा साइट्स तिने दोन दिवसांत पुन्हा उभ्या केल्या होत्या. पळसदरीचं फार्महाउस, चौकचा फोटो स्टुडिओ, खोपोलीचा ड्रायव्हिंग क्लास, यांचा मजकूर आणि फोटो तिच्या कॉम्प्युटरवर होतेच. राहिली ती अकरावी, 'आमचं वीजघर'.

ती विष्णू गुप्त्यांची होती. भिवपुरीच्या वीजघरात चौतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काम केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी वीजघराच्या आणि तिथल्या क्वार्टर्सच्या आठवणी लिहायला घेतल्या. इल्मा तेव्हा नुकती कॉलेजातून बाहेर पडली होती आणि तिला काम देणारे ते पहिले. नऊ वर्षं, दर दुसऱ्या बुधवारी एक लेख. गुप्तेकाका थेट साइटवरच टाइप करायचे. वहीत नाही, कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये नाही. एकंदर दोनशे चौदा लेख. जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या एका परदेशी साइटवर इल्माला त्यातले सात मिळाले होते.

"फोन करते त्यांना," ती जिन्यावरून उतरत म्हणाली.

"फोनवर नको," अब्बा म्हणाले. "जाऊन सांग. मानसाचं इतकं नुसकान केलंस, तर त्याच्या समोर तरी उबी रहा."

इल्माने स्कूटर काढली आणि चौकमार्गे कर्जत गाठलं. गुप्ते पतिपत्नी दहिवलीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत. दार अनसूयाबाईंनी उघडलं. बाई शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी समोरचा माणूस उशिरा आलेला विद्यार्थी आहे अशा नजरेनेच त्या बघत. आज त्या नजरेखाली इल्माला खरंच वर्गाबाहेर उभं राहिल्यासारखं वाटलं.

"काका, तुमची साइट गेली," बसायच्या आधीच ती म्हणाली. "चूक माझी आहे."

"गेली म्हणजे? बंद पडली?"

"नाही. गेली. लेखांसकट."

गुप्तेकाकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. इल्माने सगळं सांगितलं. आधी कशी कंपनी प्रत ठेवायची, नव्या सर्व्हरवर ती आपली आपण कशी ठेवायची असते, आणि तिने ती कुठे ठेवली. काका लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हणजे मेन लाइन आणि स्टँडबाय, दोन्ही एकाच ब्रेकरवर?"

"हो, काका."

"अगं, वीजघरात कालचा पोरगासुद्धा असं करत नाही," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होतं, आणि इल्माला तेच जास्त लागलं. तिचे डोळे भरून आले.

"मी काहीतरी करीन. शोधते आहे. सात मिळालेत."

"राहू दे गं. रडू नकोस." काकांनी हात हलवला. "दोनशे चौदा लेख, आणि नऊ वर्षांत प्रतिक्रिया आल्या असतील चाळीस. त्यातल्या निम्म्या जाहिरातींच्या. वाचत होतं कोण? आमच्या घरात मराठीच्या बाई आहेत, त्यांनीसुद्धा पहिल्या लेखानंतर कधी पान उघडलं नाही. आता बंदच करू. म्हाताऱ्याला दुपारी झोप काढायला वेळ मिळेल."

अनसूयाबाई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. गाळण्याची कपावरची टकटक क्षणभर थांबली. मग त्या ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि साखर कमी आहे, लागली तर सांग, एवढंच म्हणाल्या.

चार दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, अनसूयाबाई खालापूरच्या दुकानात उभ्या राहिल्या. खोपोलीला बस बदलून आल्या होत्या. दोन्ही हातांत जड कापडी पिशव्या होत्या आणि पदराने त्या घाम पुसत होत्या. झहीरभाईंनी धावत जाऊन पिशव्या घेतल्या, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि पाणी दिलं. इल्मा माळ्यावरून खाली आली.

"बाई, तुम्ही? काका बरे आहेत ना?"

"ते झोपलेत. म्हणजे मी निघाले तेव्हा पडले होते. हल्ली नाश्ता झाला की पडतात." बाईंनी पिशवीतून एक फाइल काढून काउंटरवर ठेवली. शाळेत असते तशी, पुठ्ठ्याची, नाडीची. मग दुसरी. मग तिसरी. अशा नऊ निघाल्या. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात वर्ष लिहिलेलं होतं.

इल्माने पहिलीची नाडी सोडली. आत छापील कागद होते. वर 'आमचं वीजघर', खाली लेख, कोपऱ्यात तारीख.

"बाई, हे..."

"दर लेख. बुधवारी ते टाकायचे. गुरुवारी मी भाजीला जाते, तेव्हा स्टेशनजवळ संतोषच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायची. पडद्यावर मला वाचता येत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. आणि हातात पेन्सिल असल्याशिवाय तर मुळीच वाचता येत नाही. चाळीस वर्षांची खोड."

मग इल्माला समास दिसले. प्रत्येक पानाच्या डाव्या बाजूला बारीक, उभ्या अक्षरात पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं होतं. काकांनी लिहिलं होतं, 'त्या वर्षी क्वार्टर नंबर अकराच्या गणपतीचं मखर मी एकट्याने केलं.' समासात होतं, 'एकट्याने? आणि खळ कुणी शिजवली?' टर्बाइनजवळ निघालेल्या सापाच्या लेखात एक बाण काढलेला होता, 'मागच्या खेपेला सहा फूट होता. आता नऊ.' भाजी विकायला येणाऱ्या कोंडीच्या लेखात होतं, 'तिची करटुली तेवढी आठवतात. तुमच्या तापात रोज काढ्याला पाला आणून द्यायची ते विसरलात.' वादळात रात्रपाळी लांबली त्या लेखात काकांनी लिहिलं होतं, 'घरी आलो तेव्हा जेवण गार झालं होतं.' शेजारी दोनच शब्द होते, 'तीनदा तापवलं.'

इल्मा हसली आणि हसता हसताच तिला भरून आलं. तिने वर पाहिलं.

"मग काकांना का नाही सांगितलंत? त्यांना वाटतं, घरात कुणी..."

"पहिला लेख मी पडद्यावरच वाचला होता. तो सापाचाच, पहिल्या खेपेचा. जेवताना मी म्हणाले, अहो, साप एवढा मोठा नव्हता. झालं. स्वारी रुसली. महिनाभर एक अक्षर लिहिलं नाही. मग मी म्हटलं, मला त्या कॉम्प्युटरचं काही कळत नाही, मी वाचत नाही. दुसऱ्या दिवशी हे लिहायला बसले." बाईंनी पदर सारखा केला. "तेव्हा हे कुठून आलं ते त्यांना कळता कामा नये. कंपनीकडे सापडलं म्हणून सांग."

"खोटं नाही सांगणार, बाई. एकदा चुकलेय, त्यात भर नको. एका वाचकाने छापून ठेवलं होतं, एवढं सांगते. ते खरंच आहे."

बाईंनी थोडा विचार केला. "चालेल. पण नाव नाही."

"नाव नाही."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. इल्मा एकेक पान स्कॅन करायची. छापील अक्षरं मशीन ओळखायचं, पण पेन्सिलीच्या खुणेपाशी आलं की अडखळायचं आणि भलतंच काही लिहायचं. मग ती तेवढा भाग हाताने टाइप करायची. रोज सकाळी चार लेख, इतर कामांच्या आधी. पंधरा दिवसांनी तिने काकांना फोन करून पहिले साठ लेख पुन्हा लागल्याचं सांगितलं.

"कुठून आले?"

"तुमच्या एका वाचकाने सगळे छापून ठेवले होते, काका. पहिल्यापासून."



"सगळे?"

"सगळे. वर्षवार लावून."

"कोण आहे हा माणूस?"

"नाव सांगू नकोस म्हणालेत."

त्या दिवसापासून गुप्तेकाकांना दुसरा उद्योग उरला नाही. हा वाचक नक्की क्वार्टर्समधला असणार, असं त्यांचं मत पडलं. मग ते बदललं. नागपूरला गेलेला मनोज असेल. नाहीतर फोरमनसाहेबांची समिधा, तिला वाचनाचं वेड होतं. हे सगळं ते जेवताना बाईंना सांगत, आणि बाई पोळीवर तूप वाढत 'असेल बाई' म्हणत. बाईंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा इल्मा हसून बेजार झाली. काका मात्र लिहीत नव्हते. जुने लेख पुन्हा आले, त्याचा आनंद होता, पण नवा लेख म्हटलं की ते विषय बदलायचे. दुपारची झोपही चालूच होती, असं बाई म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांचा आवाज थोडा खाली गेला.

दोन महिन्यांनी काका स्वतःच खालापूरला आले. तहसील कचेरीत कसलासा दाखला काढायचा होता. माळ्यावर चढून त्यांनी इल्माच्या पडद्यावर यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"दोनशे तेरा आहेत."

"हो. एक नाही मिळाला. 'बदली' नावाचा. त्या वर्षाच्या फाइलमध्ये नव्हताच."

काका खुर्चीत मागे टेकले. त्या लेखाची हकिगत इल्माला आठवत होती. बढतीवर मुंबईच्या मुख्य कचेरीत जायची संधी काकांना आली होती आणि त्यांनी ती नाकारली. दरी सोडवेना, डोंगर सोडवेनात, वीजघराच्या आवाजाशिवाय झोप लागेना, असं त्यात लिहिलं होतं. सगळ्यांत जास्त प्रतिक्रिया त्यालाच आल्या होत्या, चक्क सहा.

"बरंच झालं," काका म्हणाले. "तो एकच लेख खरा नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. दरीचं काय, दरी कुठेही असते." ते उठले. "त्या वाचकाला कळलं असेल. हुशार दिसतो."

इल्माने ते बाईंना सांगावं की नाही, यावर पूर्ण संध्याकाळ घालवली. शेवटी फोन केला आणि काकांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"असं म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"असंच."

"बरं." फोन ठेवला गेला.

गुरुवारी बाई पुन्हा दुकानात आल्या आणि थेट माळ्यावर चढल्या. या वेळी हातात पिशवी नव्हती, फक्त पर्स होती. पर्समधून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला. घड्यांवर तो विरत आला होता. म्हणजे तो फाइलमधून आत्ता काढलेला नव्हता. कितीतरी वर्षं पर्समध्येच होता.

'बदली.' इल्माने तो स्कॅनरच्या काचेवर सपाट केला. डोंगरांचा परिच्छेद संपला तिथे समासात लिहिलेलं होतं, 'दरी नव्हे. माझी शाळा. त्या वर्षी मला कायम करणार होते. तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, मीही कधी विचारलं नाही. पण मला माहीत आहे.'

इल्माने वाचलं आणि न वाचल्यासारखं केलं. जमलं नाही. तिचा चेहरा कधीच असल्या कामाचा नव्हता.

"आता मी सगळ्यांच्या तीन प्रती ठेवते, बाई," काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली. "एक सर्व्हरवर. एक रोज रात्री दुसऱ्याच कंपनीकडे जाते. आणि तिसरी अशी," तिने ड्रॉवरमधून एक छोटी हार्ड डिस्क काढली, "गिऱ्हाइकाच्या घरात. ही काकांची. लेख आहेत, आणि स्कॅन केलेली पानंही घालायची होती. पण त्यासाठी तुम्हाला विचारल्याशिवाय नाही."

बाईंनी डिस्क हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"पेन्सिलीचं येतं का गं त्यात?"

"येतं. स्पष्ट येतं. नको असेल तर नुसता मजकूर देते. लेख काही अडणार नाहीत."

खाली कुणीतरी झहीरभाईंना होल्डर मागत होतं. बाई स्कॅनरवरच्या कागदाकडे बघत होत्या.

"परत रुसले तर?" शेवटी त्यांनी विचारलं. मराठीच्या कडक बाई पहिल्यांदाच आपला सल्ला मागताहेत, असं इल्माला वाटलं.

"माहीत नाही, बाई. खरंच माहीत नाही."

बाईंनी पर्सची चेन लावली.

"मग येऊ दे," त्या म्हणाल्या. "पेन्सिलीसकट."

डिस्क इल्माने स्वतः नेऊन दिली आणि लॅपटॉपला कशी जोडायची ते काकांना दाखवलं. आत दोन फोल्डर आहेत, एक मजकुराचा, एक पानांचा, एवढं सांगून ती चहाला न थांबता निघाली. बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

आठवडा गेला, काही कळलं नाही. बुधवार आला, साइटवर नवा लेख नाही. त्याच्या पुढचा बुधवारही तसाच गेला. इल्मा रोज सकाळी आधी तिन्ही प्रती तपासायची आणि मग उगाचच काकांचं पान उघडून बघायची. फोन करायचा धीर होत नव्हता. आपण एकदा या माणसाचं लिखाण घालवलं आणि आता लिहिणंच घालवलं, असं तिला वाटू लागलं होतं. अब्बांना तिने तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "थांब जरा. जुनी मोटर हाय. सुरू व्हायला वेल घेते."

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी बाईंचा फोन आला.

"इल्मा, आज मी भाजीला गेलेच नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"का हो, बाई? काय झालं?"

"सकाळी उठले तर जेवणाच्या टेबलावर कागद. चार पानं. काल संध्याकाळी हे फिरायला म्हणून गेले होते, ते संतोषकडून छापून आणलेत. वर पेन्सिल ठेवलीय. नवी. टोक काढून."

इल्मा जिन्याच्या पायरीवर बसली.

"कशाबद्दल आहे?"

"नाव 'बदली'च आहे. पुन्हा लिहिलाय वाटतं. अजून वाचलं नाही गं. मघापासून चष्माच सापडत नाहीये, आणि आता बघते तर डोक्यावर."

"आणि साइटवर कधी टाकणार?"

"खाली लिहिलंय ना. 'बाईंनी तपासल्यावर टाकावा.'"

फोनमध्ये खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"काका कुठे आहेत?" तिने विचारलं.

"दूध आणायला गेलेत," बाई म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "दूध सकाळीच आलंय."